प्रशियाचा सरदार, पिंपळदऱ्याचा बैल

पिंपळदरा, ता. शिरूर
भाद्रपद अमावास्येचा दुसरा दिवस, १९७२

चि. सर्जा,

पोळा झाला. तू आला नाहीस, तरी मान आपल्याच घरात राहिला. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं पत्र तू सावकाश वाचशील.

यंदा पोळा होता तो फक्त तिथीनं. पावसाचा पत्ता नाही. निम्मी जनावरं छावणीत आणि त्यांचे धनी खडी फोडायला. मी पाखऱ्याला छावणीत पाठवला नाही. तळेगाव ढमढेऱ्याहून उसाचं वाढं आणवलं आणि त्याला जगवला. बाया मागून बोलतात, "आक्का सवता ताकावर ऱ्हात्यात आन् बैलाला वाढं चारत्यात." बोलोत. खांदेमळणीला तूप नव्हतं म्हणून करडईचं तेल चोळलं. तुझा अबोली फेटा शिंगाला बांधला, म्हाळूनं कासरा धरला आणि पाखऱ्या वेशीतल्या तोरणाखालून सगळ्यांच्या आधी गेला.

हे मला म्हाळूनं सांगितलं. आपल्या गड्याच्या डोळ्यांनीच मी पोळा बघते, हे तुला माहीत आहे. वर्षभर शेण काढायचं मी, आणि त्या दिवशी विधवेचं तोंड बैलापुढे नको म्हणून दाराआड बसायचं तेही मीच. ओवाळायला शेजारची पार्वतीबाई येते. तिचा नवरा तिला उठताबसता बडवतो, पण जिवंत आहे, म्हणून ती चालते.

घराण्याचा पुरुष मोहिमेवर असला तर त्याचा फेटा बैलाच्या शिंगाला बांधायचा आणि तो हजर आहे असं धरायचं, ही आपल्या गावची रीत. पणजोबा उत्तरेत होते तेव्हा असंच चालायचं म्हणतात. आता तू बीडकडे मामलेदार. गाव तुझ्या नोकरीलाच मोहीम समजतं. इनाम गेलं, पाटीलकी गेली, सरदारकीतला हा एवढा एक मान उरला, आणि तो एका फेट्यावर चालला आहे.

नोकरीला मोहीम म्हणायला तूच शिकवलंस, विसरला नसशील. वडील म्हणून आबासाहेब अडून बसले होते, की ज्या घराण्यानं तलवार चालवली त्यानं कचेरीत दौत सांभाळायची? तेव्हा तू कॉलेजातून तो राडेनफेल्ट घेऊन आलास. दोनशे वर्षांपूर्वीचा, प्रशिया देशातला जुना सरदार. तिथला राजा स्वतःलाच राज्याचा पहिला नोकर म्हणवायचा, म्हणालास, आणि सरदारांची पोरं कचेरीत बसायला लाजत नसत. तुझा राडेनफेल्ट आधी साधा कारकून, मग जिल्ह्याचा अधिकारी. कुणब्यांना बटाटा लावायला शिकवणारा. दुष्काळ पडला तेव्हा वरून हुकूम नसताना त्यानं सरकारी कोठारं उघडली. राजा कोपला, तर यानं राजीनामा ठेवला आणि आपल्या गावी शेतीवर परत गेला. आबासाहेब बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "असली चाकरी करणार असशील तर जा."

त्याचा दुष्काळ सतराशे बहात्तरचा, असं सांगायचास. आता एकोणीसशे बहात्तर आहे. तुझ्याही तालुक्यात कोठारं असतील. जपून राहा आणि जमलं तर दसऱ्याला ये.

तुझी आक्का

◆

पिंपळदरा
मार्गशीर्ष, १९७३

चि. सर्जा,

चंद्रपूरच्या बदलीचं कळलं. खरं सांगू? वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं. कंत्राटदारानं न बांधलेला बंधारा बांधून झाला असं तू कागदावर लिहिलं नाहीस, म्हणून तुला जंगलात पाठवलं. आबासाहेब असते तर त्यांनी गावात पेढे वाटले असते. मी म्हाळूला गूळ दिला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी आपलं सायेब त्या परश्यावाल्यासारकं निगालं की." बघ, तुझा राडेनफेल्ट आता गोठ्यापर्यंत पोचला आहे.

ललिताचं मात्र पत्र आलं आणि ते गोड नव्हतं. ती लिहिते, "आक्का, तुमच्या घराण्याच्या ताठ्यापायी माझी मुलं बापाशिवाय पुण्यात वाढताहेत." मी उत्तर दिलं नाही. बायकोनं असं लिहावं हे बरोबर आहे आणि बहिणीनं ते वाचून गप्प बसावं हेही बरोबर आहे.

तुला हिवताप येतो असंही तिनं लिहिलं आहे. तू मला का नाही लिहिलंस? काढ्याची पुडी पाठवते. उकळून घे, शिपायाला करायला सांगू नकोस, ते लोक पाणी जास्त घालतात. आणि पोळ्याला रजा माग. तुला चालत येताना वेशीत कुणी पाहिलं त्याला आता फार वर्षं झाली.

आक्का

◆

पिंपळदरा
आषाढ, १९७६

चि. सर्जा,

पुण्याला प्रांत म्हणून आलास, हे तुझ्या पत्राच्या आधी मला हौशीरामनं सांगितलं. त्याला कसं कळलं देव जाणे. कारखान्यावर संचालक झाल्यापासून त्याला सगळंच आधी कळतं. सरपंच तो, सोसायटी त्याची, आता तर बोलतानाही तो माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या भिंतीकडे बघतो. "आक्का, सायेबांचं काम झालं बरं का," एवढं म्हणून हसला. मी म्हटलं, "सरकारला उशिरा का व्हईना, अक्कल आली." तर आणखी हसला.

असो. तू आलास हे खरं. आता चंद्रपूर नाही. सकाळी पुण्याहून निघालास तर शिक्रापूरवरून दुपारच्या आत घरी. यंदा फेटा बांधायचा नाही. तू स्वतः कासरा धरायचा. पाखऱ्या आता म्हातारा झाला आहे, तरी वेशीपाशी आला की मान वर करतो. दुसरं कुणी पुढे असू शकतं, हे त्याला कधी कळलेलंच नाही.

हौशीरामनं खिल्लारांची नवी जोडी आणली आहे. रोज आपल्या दारावरून पाण्याला नेतो, विहीर पलीकडे असून. नेऊ दे. माणसाला पैसा आला की त्याला मान विकत घ्यावासा वाटतो आणि तो मिळत नाही म्हणून बैल विकत घेतो.

मी झुलीला नवं अस्तर लावते आहे. कळव, काय घालून येशील ते. टोपी नको.

तुझी आक्का

◆

पिंपळदरा
भाद्रपद अमावास्येचा दुसरा दिवस, १९७६

श्री. सर्जेराव साहेब, प्रांत अधिकारी, यांस,

तुझी जीप येईल म्हणून म्हाळू फाट्यावर जाऊन बसला होता. दुपार कलली तेव्हा एकटाच परत आला. शेवटी मी फेटा काढला आणि बांधला.

पुढचं तुला ठाऊक असणारच. तरी ते कसं घडलं ते लिहिते. तू ठरवलंस पण पाहिलं नाहीस, आणि पाहायचं काम या घरात नेहमी दुसऱ्याकडेच असतं.

वाजंत्री थांबली म्हणून मी दाराआडून कान दिला. मग पार्वतीबाई धावत आली. "आक्का, आवो तुमच्या बैलाला आडवलंय." मी तशीच बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा पोळ्याच्या दिवशी वेशीत गेले. कुणी म्हणालं नाही, की ही इथं कशी. सगळे हौशीरामकडे बघत होते. तो म्हाळूला सांगत होता, "मागं घे. सायेबांनी सवताहून मान सोडलाय. पुन्यात चौघांच्या म्होरं शबूद दिला त्येनी मला. इचार जाऊन."

मी म्हटलं, "खोटं हाय."

तो म्हणाला, "आक्का, चंद्रपुरास्नं पुण्याला मानूस असाच येतो व्हय? मी ममईला किती खेटं घातलं ते सायेबांनाच इचारा."

आणीबाणीचे दिवस असे आहेत की चौघं एकत्र उभे राहिले तरी पोलीस पाटलाकडे बघतात. कुणी मधे पडलं नाही. म्हाळूनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला मागे घे म्हणणार होते. खरंच म्हणणार होते, कारण हौशीरामचं तोंड पाहूनच मला कळलं की तो खरं बोलतोय. पण पाखऱ्या थांबेना. त्याला तोरण दिसत होतं. तोरण दिसलं की पुढे जायचं, एवढंच तो शिकलेला. हौशीरामच्या माणसांनी त्याच्या नाकाडावर काठ्या घातल्या. म्हाळू कासऱ्यासकट खाली पडला. तरी ते जनावर पुढेच रेटत होतं, आणि त्याच्या शिंगावर तुझा फेटा.

शेवटी मीच पुढे झाले, त्याची वेसण धरली आणि त्याला वळवला. बायकोमाणसानं, त्यातून विधवेनं, मानाच्या बैलाची वेसण वेशीत धरली. तेही कुणी बोललं नाही, कारण तो आता मानाचा बैल राहिला नव्हता.

घरी आणून त्याला पुरणपोळी दिली. नाक सुजलं होतं म्हणून त्यानं खाल्ली नाही.

तुझ्या हिवतापाला मी हसत नाही. तुझी मुलं बापाशिवाय वाढली, तेही मला कळतं. तू मला लिहिलं असतंस, की आक्का, मी थकलो, आता मला घरी यायचंय, त्याची ही किंमत आहे, तर मी शिव्या दिल्या असत्या आणि मग स्वतः जाऊन पार्वतीबाईला सांगितलं असतं की यंदापासून ओवाळायला येऊ नकोस, आम्ही मान सोडला. तू मला झुलीला अस्तर लावू दिलंस. आषाढातल्या माझ्या पत्राला तुझं उत्तर आलं होतं, ते आता परत वाचलं. त्यात तू लिहितोस, "टोपी घालणार नाही." त्या दिवशी तो शब्द देऊन झाला होता ना रे?

मुक्ता

◆

दौंड
भाऊबीज झाल्यावर, १९७७

सर्जेराव,

तू काल आलास, ताटात ओवाळणी घातलीस आणि चहा न पिता गेलास. रेल्वेच्या चाळीत चहा घ्यायला तुला अवघड वाटलं, की खोली चांगदेवनं मिळवून दिली म्हणून, ते तू तुझं ठरव. चांगदेव म्हणजे आपल्या गावच्या बौद्धवाड्यातला, इथं रेल्वेत क्लार्क आहे. मी गाव सोडायचं म्हटलं तेव्हा भावकीतल्या एकानंही कुठं जातेस विचारलं नाही. यानं विचारलं. त्याच्या नळाचं पाणी मी पिते. पहिल्या दिवशी मला जड गेलं, खोटं का बोलू. आता जात नाही.

पाखऱ्याला मी म्हाळूकडे ठेवलं होतं. पावसाळ्याआधी तो गेला. तू काल विचारलं नाहीस म्हणून मीही सांगितलं नाही.

काल आपलं जे बोलणं झालं त्यावर मी सकाळपासून विचार करते आहे. मी तुला म्हटलं, तुझ्या राडेनफेल्टनं राजीनामा दिला होता, त्याला राजाचा कोप परवडला, तुला हौशीरामची मेहेरबानी लागली. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "आक्का, त्यानं राजीनामा दिलाच नव्हता. कोठारंही त्यानं हुकूम आल्यावरच उघडली. तो नोकरीतच म्हातारा झाला, आणि जिल्ह्यातली पोरं पलटणीला भरती करून दिली म्हणून राजानं त्याला आणखी एक जहागीर दिली. आबासाहेबांना पटावं म्हणून तो शेवट मी जोडला होता."

आणि हे तू किती सहज सांगितलंस. आबासाहेब त्या जोडलेल्या शेवटावर तुला हो म्हणाले. मरताना तुझ्या पुढच्या बढतीचं विचारत होते. मी तीस वर्षं एका परक्या देशाच्या खोट्या माणसाची गोष्ट म्हाळूला सांगत आले. चंद्रपूरला जाताना तरी तू खराच होतास ना, की तेही कुणाला पटावं म्हणून होतं? हे मी काल विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

तू गेल्यावर चांगदेव आला. त्याला मी सगळं सांगितलं, कारण दुसरं कुणी ऐकायला नाही. तो म्हणाला, "आक्का, राग मानू नका. पोळ्याला आमचाबी मान व्हता. बैलांच्या म्होरं हलगी आमच्या आज्यानं वाजवायची, आन् भाकर दाराबाहीर उभं ऱ्हाऊन घ्यायची. छप्पन साली आमी त्यो मान टाकला. तवा तुमीच वेशीत मानूस धाडला व्हता, की हलगी का न्हाई वाजली."

मी धाडला होता. मला ते आठवतही नव्हतं.

"आमी टाकला तवा हलकं वाटलं," तो म्हणाला. "तुमच्या भावानं टाकला न्हाई, इकला. टाकनं येगळं आन् इकनं येगळं."

मला त्याचा रागच आला. पण तू दिलेली साडी मी त्याच्या आईला, सोजराबाईला देऊन टाकली. तिला रंग आवडला.

मुक्ता

◆

दौंड
भाद्रपद, १९७९, पोळ्याला अजून चार दिवस आहेत

चि. सर्जेराव,

फार दिवसांनी चि. लिहिते आहे. तुझं पत्र मिळालं. इतकं लांब पत्र तू मला नोकरी लागल्यापासून लिहिलं नव्हतंस, म्हणजे काहीतरी हवं असणार हे पाकिटाच्या वजनावरूनच कळलं.

लवकरच रिटायर होतोस. पिंपळदऱ्याला परत येऊन शेती करायची म्हणतोस. हौशीराम निवडणुकीत पडला, नवा सरपंच पोपटराव तुला पुण्यात भेटला आणि घराण्याचा मान घराण्याला परत द्यायला पंच तयार आहेत. फक्त जुन्या लोकांचं म्हणणं पडलं, की बैल आक्कानं सांभाळला, तिनं देवळात येऊन हो म्हणावं. म्हणून तू लिहितोस, "आक्का, एवढं एक कर. एक चांगला बैल बघून ठेव. या वर्षी मी स्वतः कासरा धरीन. निदान शेवटी तरी मला माझ्या गावात माझ्या जागी उभं राहू दे."

हे वाचून मी रडले. लपवत नाही. याच वाक्यासाठी मी इतकी वर्षं शेण काढलं, आणि ते आता आलं.

परवा न्हावऱ्याच्या यष्टीनं गावात गेले. मारुतीच्या देवळात सगळे जमले होते. मला पायरीवर घोंगडी टाकली होती. पोपटराव गोड माणूस आहे. म्हणाला, "आक्कासाहेब, तुमचा मान तुमास्नी परत. अन्याव झाला व्हता, त्यो आमी फेडतो. आन् सायेब आता गावातच ऱ्हानार म्हंजी कचेरीतल्या कामांना गावाला बी उपेग व्हईल."

तो हे वाईट बुद्धीनं बोलला नाही. पण मी ऐकलं. हौशीरामनं किंमत देऊन घेतला, पोपटराव किंमत मागून देतोय. बाजार तोच, फक्त दुकानात बसणारा बदलला. आणि तुला ते पुण्यात कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. माणसाचा भाव ओळखायचीच तर नोकरी केलीस.

मी उभी राहिले. पदर सावरला. म्हटलं, "त्यो मान सांभाळला मी. मग त्येचं काय करायचं ते बी मीच सांगते. आमचं घर ह्यो मान टाकतंय. पोपटरावाला देत न्हाई, हौशीरामला देत न्हाई, माझ्या भावाला बी देत न्हाई. ज्याचा बैल आधी यील त्यो आधी जाईल. मंग त्यो कुठल्या बी वस्तीवरचा असंना."

शेवटच्या वाक्यावर जरा चुळबुळ झाली. भिमाजी म्हातारा म्हणाला, "आन् मंग वेशीत मारामाऱ्या व्हत्याल, त्याचं काय?"

मी म्हटलं, "आत्ता काय न्हाई व्हत व्हय?"

लोक हसले. हौशीराम मागे खांबाला टेकून बसला होता, तो मात्र हसला नाही. पंचांनी आपसात कुजबुज केली, आणि भांडणाचं एक मूळ तरी गेलं असं म्हणून मान्य केलं. मला वाटतं बऱ्याच जणांना ते आधीच हवं होतं. आपला मान गेल्याचं दुःख करणारं गावात कुणी नव्हतं सर्जा, फक्त म्हाळू होता. तो उठून गेला. जाताना म्हणाला, "नाकाडावर काठ्या खाल्ल्या त्या जनावरानं, आन् तुमी आसं केलं." मला यष्टीपर्यंत सोडायलाही आला नाही.

चांगदेव म्हणाला होता की टाकल्यावर हलकं वाटतं. मला काही हलकं वाटलं नाही. दात काढल्यावर जीभ सारखी त्या जागी जाते, तसं चाललं आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "आमच्यावर त्येचं वझं व्हतं. तुमी त्येच्यावर बसला व्हता." एवढं तोंडावर बोलणारा माणूस या वयात शेजारी मिळाला, हेही नशीब.

तुझ्यावर सूड घेतला असं ललिता म्हणेल. थोडा घेतला. सगळा नाही. तू जर मला आधी विचारलं असतंस, की आक्का, मी गावात येऊ का, मला कुणी ओळखेल का, तर मी तुझ्याबरोबर आले असते. तू विचारलंस बैल कुठं मिळेल.

घराची किल्ली पार्वतीबाईकडे आहे. पोळा चार दिवसांवर आला. यायचं असेल तर स्वतःचा बैल घेऊन ये, त्याचा कासरा स्वतः धर, आणि ओळीत जिथं जागा सापडेल तिथं उभा राहा.

तुझी आक्का